टोचू नका, ऊन दाखवू नका

कोल्हापुरात अंड्याचं काय करायचं हे ठरलेलं आहे. उकडायचं, रश्शात सोडायचं, नाहीतर गाडीवर उभं राहून कांदा-मिठासोबत दोन घासांत संपवायचं. उकडलेलं अंडं बरणीत व्हिनेगरमध्ये बुडवून तीन आठवडे त्याच्याकडे नुसतं बघत बसायचं, हा उद्योग इंग्रजी पबांतला आणि जर्मन खानावळींतला. त्यामुळे घरात विषय काढला की पहिला प्रश्न येतो, "आवो, अंड्याला कुठं लोणचं घालत्यात व्हय?" आणि त्याच दमात दुसरा, "तेल किती लागंल?"

खरा ताप या दुसऱ्या प्रश्नात आहे. तेल लागत नाही. मोहरीची डाळ लागत नाही, बरणीच्या तोंडाला फडकं बांधायचं नाही, ती माळ्यावर ठेवायची नाही. वर्षानुवर्षं कैरीच्या लोणच्यावर कमावलेलं शहाणपण अंड्याच्या बाबतीत उलटं धरायचं असतं, आणि ते शहाणपण घरात प्रत्येकाकडे भरपूर असतं.

सुरुवात दुकानापासूनच उलटी. दुकानदार मोठ्या अभिमानानं "आजच आल्यात" म्हणतो, आणि आपल्याला हवी असतात आठ-दहा दिवसांची. कालच्या अंड्याचं कवच सोलायला बसलात तर पांढऱ्याचे लचके निघतात आणि हातात चंद्रावरचा खड्डेमय मुलूख उरतो. कारण असं की ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. कवचाच्या बारीक छिद्रांतून तो हळूहळू निघून गेला की पांढरा भाग अल्कधर्मी होतो आणि आतल्या पापुद्र्याला चिकटणं सोडतो. म्हणून अंडी आणून फ्रिजमध्ये आठवडाभर विसरून जायचं. शंका आली तर पाण्यात सोडून बघा: आडवं पडलं तर अजून ताजं, बुडाशी उभं राहिलं तर आपल्या कामाचं, तरंगलं तर टाकून द्यायचं. गावरान अंड्यांचा हट्ट असेल तर एक फायदा आहे, ती लहान असतात आणि लवकर मुरतात.

एक लिटरच्या काचेच्या बरणीत मध्यम आकाराची बारा अंडी बसतात. उकडायला चौदा घ्या. दोन फुटतात, आणि फुटली नाहीत तर कुणीतरी "मीठ बघतो" म्हणून खातंच. अंडी फ्रिजमधून काढून वीसेक मिनिटं बाहेर ठेवा, मग उकळत्या पाण्यात डावानं अलगद सोडा आणि बारा मिनिटं ठेवा. गप्पांच्या नादात वीस मिनिटं झाली की बलकाभोवती हिरवट-काळं कडं येतं. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह यांचा तो संसार आहे, खाण्यात धोका नाही, फक्त पाहुण्यांना समजावत बसावं लागतं. उतरवल्यावर लगेच बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं. सोलताना रुंद टोकाकडून सुरू करायचं, तिथं हवेचा कप्पा असतो आणि पापुद्रा नखाला सापडतो. चिरलेलं, बलक दिसणारं अंडं बरणीत नको. त्याचा बलक विरघळून सगळं पाणी गढूळ करतो.

आता अंडी बुडवायचं व्हिनेगरचं पाणी. परदेशी कृतींत व्हिनेगर पाच टक्क्यांचा धरलेला असतो आणि निम्म्याच्या आसपास पाणी घाला म्हणतात. आपल्याकडच्या बाटलीवर बहुधा चार टक्के लिहिलेलं असतं. तिथलं पाणी तसंच इथं घातलं की अंड्यांचं सरबत होतं, आंबट नाही आणि टिकाऊही नाही. त्यामुळे चारशे मिली व्हिनेगरला पाणी शंभर मिली, त्याच्यावर थेंब नाही. दोन चहाचे चमचे मीठ, खड्याचं असेल तर बरं, कारण बारीक मिठात ते मोकळं राहावं म्हणून जे घातलेलं असतं त्यानं पाणी धुरकट दिसतं. दोन मोठे चमचे गूळ. कोल्हापुरात राहून साखर घालणाऱ्याला मी काही म्हणणार नाही, पण गूळ घालणार असाल तर गाळून घ्या आणि अंडी बदामी होणार हे मान्य करा. दहा मिरी, चार लवंगा, अर्धा चमचा धणे, तीन-चार सुक्या लवंगी मिरच्या. मसाले अख्खे, पूड कसलीच नको.

इथं माणसाचा हात कांदा-लसूण मसाल्याच्या डब्याकडे जातो. जाऊ दे, पण डबा उघडू नका. त्या मसाल्यात तेल आहे, कांदा आहे, लसूण आहे, सुकं खोबरं आहे. व्हिनेगरमध्ये तो दोन दिवसांत बुडाशी चिखल होऊन बसतो आणि वर तेलाचा तवंग येतो. मसाला अंडं बाहेर काढल्यावर, चिरल्यावर, वरून भुरभुरा. रंगाशिवाय चैनच पडत नसेल तर दोन बरण्या करा: एकीत शिजवलेल्या बीटच्या चार-पाच चकत्या घाला, दुसरी साधी, गुळाच्या जागी साखर घालून. तांबडा-पांढरा तयार. बीटची अंडी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात जुनी आहेत, पण जोडी लावण्याचा मान आपला.

हे व्हिनेगरचं पाणी मसाल्यांसकट स्टीलच्या पातेल्यात पाच मिनिटं उकळायचं. अ‍ॅल्युमिनियम नको, आम्ल त्याला खातं. शिवाय तोंड लांब ठेवा. मिरच्या भाजतानाचा ठसका सहन करणारी माणसं व्हिनेगरच्या वाफेला हसतात आणि मग मोरीकडे पळतात. बरणी आधी दहा मिनिटं पाण्यात उकळून घ्या आणि गरम असतानाच अंडी आणि हे पाणी भरा. गार काचेत उकळतं पाणी ओतलं की बरणी तडकते. अंड्यांवर बोटभर पाणी राहिलं पाहिजे. झाकण प्लास्टिकचं, पत्र्याचं गंजतं. निवलं की थेट फ्रिजमध्ये.

आणि इथून हात न लावण्याची शिक्षा सुरू होते. लहान अंड्यांना एक ते दोन आठवडे, मध्यम-मोठ्यांना दोन ते चार. तिसऱ्या दिवशी घरातला जाणकार म्हणतो, "आत मुरत न्हाई, काडीनं चार भोकं पाड की." हा सल्ला कैरीच्या फोडीला चालत असेल, अंड्याला जीवघेणा आहे. १९९७ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एका माणसाला घरच्या अशाच अंड्यांतून बॉट्युलिझम, म्हणजे जिवाणूंच्या विषानं होणारी जीवघेणी विषबाधा, झाल्याची नोंद आहे: अंडी टोचलेली होती आणि बरणी फ्रिजबाहेर, उन्हाच्या तिरिपीत होती. काडीबरोबर जिवाणू बलकात जातात. व्हिनेगर मात्र तिथं सावकाश पोचतो, आणि पीएच (आम्लतेचं माप, जितकं कमी तितकं आम्ल जास्त) ४.६ च्या खाली उतरेपर्यंत हवा नसलेला, उबदार बलक म्हणजे त्यांना आंदण दिलेली खोली. त्या विषाला ना वास असतो ना चव. म्हणून टोचायचं नाही आणि गच्चीवर ऊन दाखवायचं नाही. ताटात काढलेली अंडीसुद्धा दोन तासांच्या वर बाहेर नकोत, आणि बरणीत बोटं न घालता कोरडा चमचा वापरायचा. तीन महिन्यांच्या आत बरणी रिकामी झाली पाहिजे, ती फार अवघड अट नाही.

वाट बघताना हात शिवशिवत असतील तर त्यांना काकडी-कांदा द्या. तेच व्हिनेगरचं प्रमाण, तोच फ्रिज. लहान कांदे चार भाग करून सकाळी घातले तर रात्रीच्या मटणाला तयार. कपिलतीर्थ मंडईत कोवळ्या काकड्या मिळाल्या तर फुलाकडचं टोक दोन मिलिमीटर कापून टाका, तिथल्या विकरानं (एन्झाइमनं) सगळी काकडी मऊ पडते. देठाकडच्या टोकाचा काही गुन्हा नसतो. लसणाच्या पाकळ्या कधीकधी निळ्या-हिरव्या होतात, तो लसणाचा स्वभाव आहे, फेकू नका. हिरव्या मिरचीला मात्र उभी चीर द्या, नाहीतर आत हवा राहून ती तरंगते. म्हणजे ज्याला टोचायचं त्याला टोचायचंच. हे घरात समजावताना माझी वकिली कमी पडते.

अंडी संपल्यावर उरलेल्या पाण्यात नवी अंडी टाकायचा मोह होतो. पहिल्या बारांनी त्यातलं आम्ल ओढून घेतलेलं असतं, त्यामुळे नको. दोन चमचे कोशिंबिरीत घाला, बाकी ओता.

राहिला मुहूर्त. अंडी मुरायला लागतात तितके दिवस आधी मोजले नाहीत तर झाकण उघडायची तारीख नेमकी श्रावणात पडते आणि मग महिनाभर दुधाच्या पातेल्याशेजारी ती नुसती दिसत राहतात. आषाढी एकादशीचा उपास सुटला की द्वादशीला बरणी भरायची. तिथून दीप अमावास्या अठरा दिवसांवर असते. मध्यम अंड्यांना तेवढे पुरतात, गावरान तर त्याआधीच तयार. फक्त त्या रात्री बारांपैकी किती उरणार याचा हिशेब पाहुणे बोलावण्याआधी करा, आणि नैवेद्याचं दूध वरच्या कप्प्यात हलवा.