‘आतून सोनोग्राफी म्हणजे नुसतं बिल वाढवणं’ या फॉरवर्डला माझं उत्तर

आमच्या तळजाईला चालायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर परत तोच मेसेज आलाय, आणि यावेळी तो टाकणाऱ्या काकांच्या घरातच पेशंट आहे म्हणून लिहितेय. मेसेज थोडक्यात असा: मोठ्या आतड्याचा कॅन्सर लवकर सापडला तर एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड (ईयूएस, म्हणजे गुदमार्गातून प्रोब घालून आतून केलेली सोनोग्राफी) करू नका, हे नवीन फॅड आहे, बायोप्सी आणि पेट स्कॅनमध्ये सगळं कळतं, प्रोब घासला की कॅन्सर पसरतो, सरळ ऑपरेशन करा. आणि शेवटी, शौचातून रक्त पडलं तर घाबरू नका, आधी महिनाभर मूळव्याधीचं चूर्ण घ्या. मी पुण्यात एंडोस्कोपी विभागात नर्स आहे, ही तपासणी माझ्यासमोर होते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

फॅड वगैरे काही नाही. हिल्डेब्रांट आणि फाइफेल या जर्मन डॉक्टरांनी गुदाशयाच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या भागाच्या, कॅन्सरची स्टेज अशी आतून सोनोग्राफी करून ठरवायची पद्धत 1985 साली मांडली.

आता बायोप्सी. बायोप्सीत वरवरचे दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे निघतात, त्यातून कॅन्सर आहे का आणि कुठल्या प्रकारचा ते कळतं, पण तो किती खोल गेलाय हे कळत नाही, आणि लवकर सापडलेल्या कॅन्सरमध्ये सगळा खेळ त्या खोलीचाच असतो. गुदाशयाच्या भिंतीला घडीच्या पोळीसारखे पदर असतात, ईयूएसमध्ये ते एक पांढरा एक काळा असे पाच दिसतात, आणि गाठ कुठल्या पदरापर्यंत पोचली ते डॉक्टर स्क्रीनवर बघतात. स्नायूच्या अलीकडे थांबली तर टी1, स्नायूत शिरली तर टी2, पार करून बाहेरच्या चरबीत गेली तर टी3. टी1 मध्ये लिम्फ नोडपर्यंत, म्हणजे जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत, पसरायची शक्यता साधारण 10 टक्के, टी2 मध्ये 20 टक्क्यांच्या आसपास. टी1 अगदी वरवरचा असेल तर गाठ गुदमार्गातूनच अख्खी काढता येऊ शकते, पोट उघडायला नको की शौचाची पिशवी नको. मग पॅथॉलॉजिस्ट खोली मोजतो, ती 1 मिलिमीटरच्या आत असेल आणि त्या गाठीत बाकी काही वाईट दिसलं नसेल तर बरेचदा तेवढ्यावर भागतं, नाहीतर पुढचं ऑपरेशन करावं लागतं. म्हणून "सरळ ऑपरेशन करा" याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण गुदाशय काढला की कधी काही महिने तर कधी कायमची पोटावर पिशवी येते, आणि ती गरज नसताना आली तर त्या माणसाचं काय?

पेट स्कॅन आणि सीटी लिव्हर, फुप्फुस असं लांब पसरलंय का ते बघायला असतात, भिंतीतले पदर त्यात वेगळे दिसतच नाहीत. मग एमआरआय आहे की, असं कुणी म्हणेल तर तो मुद्दा खरा आहे, गुदाशयाच्या कॅन्सरला एमआरआय लागतोच, गाठ बाहेरच्या चरबीत किती गेली आणि आजूबाजूचे नोड कसे आहेत हे त्यात जास्त चांगलं कळतं. पण टी1 की टी2 या बारीक फरकासाठी ईयूएस उपयोगी पडतो, आणि पेसमेकरमुळे ज्यांना एमआरआय करता येत नाही त्यांना तर खूपच.

ईयूएस चुकत नाही असंही नाही हो. गाठीभोवती सूज असली की ती आहे त्यापेक्षा खोल वाटते, गाठ फार मोठी असेल तर खालचं अंधुक दिसतं, बारीक नोड सुटतात, आणि करणाऱ्याचा हात किती बसलाय यावर बरंच असतं. गाठ गुदाशयात नसून वर कोलनमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या बाकीच्या भागात, असेल तर नेहमीचा ईयूएस सहसा करतच नाहीत, तिथे कुणी सांगितला तर कशासाठी हे जरूर विचारा. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही, क्रम महत्त्वाचा आहे. संशयास्पद पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूला आलेला कोंब) आधीच अर्धवट कापला, पुन्हा पुन्हा बायोप्सी घेतली किंवा रेडिएशन देऊन झालं की तिथे व्रण होतो आणि मग व्रण कुठला नि कॅन्सर कुठला हे ईयूएसला नीट सांगता येत नाही, म्हणून ही तपासणी उपचाराच्या आधी.

पसरण्याची भीती मी समजू शकते, पण या साध्या तपासणीत सुई टोचत नाहीत की काही कापत नाहीत. आधी एनिमा देतात, डाव्या कुशीवर झोपवतात, प्रोबवर पाण्याचा फुगा असतो, थोडं अवघडल्यासारखं होतं आणि बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत संपतं. त्याने कॅन्सर पसरत नाही.

राहिलं ते चूर्ण. रक्त बहुतेकदा मूळव्याधीचंच असतं, पण ते तपासून ठरवायचं, अंदाजाने नाही, कारण दोन्ही एकाच माणसाला असू शकतात. पंचेचाळिशीच्या पुढे असाल, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, शौचाची सवय अचानक बदलली असेल किंवा हिमोग्लोबिन उगाच उतरलं असेल तर त्या महिन्याची वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा आणि कोलोनोस्कोपी हवी का हे स्पष्ट विचारा.