दुरुस्त्यांची यादी लांब, म्हणून भाषा कच्ची?

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवरून आला. दोन ग्रुप क्लासच्या पोरांचे, एक जुन्या वर्गमित्रांचा आणि एक, कसा कोण जाणे, सोसायटीचा. मजकूर पायथन आणि सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषांबद्दलचा, थोडक्यात असा: ‘पायथनवाले दर दोन महिन्यांनी शेकडो चुका दुरुस्त केल्याचं स्वतःच जाहीर करतात. म्हणजे भाषाच कच्ची. सी बघा, १९७२ साली बनली, आजवर हात लावावा लागला नाही. शिवाय या दुरुस्त्या निम्म्या स्पेलिंगच्या असतात. चालू सिस्टीम अपडेट करू नका, बंद पडेल.’

मी सांगलीच्या विश्रामबागेत प्रोग्रॅमिंग शिकवतो आणि मार्केट यार्डातल्या दोन-तीन अडत दुकानांचं पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या विक्रीचा हिशोब, काढायचं सॉफ्टवेअर सांभाळतो. म्हणजे मेसेजमधली शेवटची भीती माझ्या पोटापाण्याची आहे. म्हणून जरा सविस्तर.

शेकडो हा आकडा खरा आहे. एखाद्या बगफिक्स रिलीजची, म्हणजे फक्त चुका दुरुस्त करून काढलेल्या आवृत्तीची, यादी उघडली तर स्क्रोल करून बोट दुखतं. पण मेसेज लिहिणाऱ्याने ती उघडलेली दिसत नाही. पायथनचा कोड चालवणाऱ्या मुख्य इंटरप्रिटरच्या नोंदी तिच्यात असतात, तशा सोबत येणाऱ्या तयार कोडच्या लायब्ररीच्या, विंडोज-मॅकवरच्या इन्स्टॉलरच्या, चाचण्यांच्या आणि डॉक्युमेंटेशनच्याही असतात. आणि आज सापडलेली चूक काल झालेली असते असंही नाही. पायथनमधलं सॉर्टिंग, म्हणजे यादी क्रमाने लावणं, टिम पीटर्स यांनी २००२ साली लिहिलं. ते ‘टिमसॉर्ट’ पुढे जावा या दुसऱ्या भाषेनेही उचललं. २०१५ मध्ये काही संशोधक ते बिनचूक असल्याचं गणिताने सिद्ध करायला बसले आणि सिद्धता अडली. चूक तिथेच होती. जावात तिच्यामुळे प्रोग्रॅम पाडून दाखवता आला. पायथनमध्ये ती उमटायला क्रमाने लावायचा डेटाच इतका लांब लागला असता की आजच्या कुठल्याही मशीनच्या मेमरीत तो मावणार नाही. तरी पायथनमध्येही दुरुस्ती झाली. दुरुस्त्यांच्या यादीत एक ओळ वाढली. मेसेजच्या हिशोबाने भाषा तेवढी आणखी कच्ची झाली!

मिरजेत सतारमेकरांकडे कधी बसलात तर बघा. तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीवर घासून घासून चरे पडतात, आवाज मिटतो, मग कानस लावून पुन्हा जवारी काढून घ्यावी लागते. जवारीला वारंवार येतो तो रोज वाजणारा तानपुरा. भिंतीवर टांगलेला कुणी आणत नाही.

आता सी. भाषा १९७२ च्या सुमाराची, डेनिस रिची यांची, हे बरोबर. ‘हात लावला नाही’ हे साफ खोटं. १९८९, १९९९, २०११, २०१८ आणि २०२४ अशी तिची अधिकृत मानकं (स्टँडर्ड) पुन्हापुन्हा निघाली. ‘गेट्स’ नावाचं फंक्शन तर २०११ ला काढूनच टाकलं, कारण वाचलेला मजकूर ठेवलेल्या जागेत मावतो की नाही हे ते बघतच नसे. १९८८ चा मॉरिस वर्म हा इंटरनेटवरचा घातक प्रोग्रॅम ज्या वाटांनी पसरला त्यातली एक हीच. सीचा कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा जीसीसी कंपायलर १९८७ पासून आहे, त्याचीही बगफिक्स रिलीज निघतात.

मग न बदललेली सी पाहिली कुणी? आपण सगळ्यांनी. कॉलेजच्या लॅबमध्ये. निळ्या पडद्याचं टर्बो सी, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं, आता डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, बसवून चालवलेलं. तिथे ‘इंट’, म्हणजे पूर्णांक, १६ बिटांचा, म्हणजे ३२,७६७ च्या पुढे गाडी जात नाही. माझ्याकडे आलेल्या एका पोराने हळदीचा हिशोब केला होता: ८०० पोती, प्रत्येकी ५० किलो. उत्तर आलं उणे २५,५३६. पोरगं तासभर आपलं गणित तपासत बसलं. बिचाऱ्याला वाटलं, आपणच चुकलो. ज्याला हात लागला नाही ते असं दिसतं.

स्पेलिंगचं म्हणाल तर खरं आहे, असतात तशाही दुरुस्त्या. त्यात लाज कसली? माणसाला वाचायचे शब्द नीट करणं हेही कामच. पूर्वी कंस बंद करायचा राहिला की पायथन अनेकदा पुढच्याच ओळीवर बोट ठेवून ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’ (रचना चुकली) एवढंच म्हणायचा. आवृत्ती ३.१० पासून तो नेमका उघडा राहिलेला कंस दाखवून ‘हा बंदच केला नाही’ अशा अर्थाचा एरर देतो. मराठी माध्यमातून आलेल्या, इंग्रजी एरर बघितला की लॅपटॉप मिटणाऱ्या मुलांना शिकवून बघा, मग या ‘किरकोळ’ कामाची किंमत कळेल.

अपडेट केलं की बंद पडतं, या मुद्द्यात मात्र तथ्य आहे आणि ते लपवणं बरोबर नाही. पण आधी आवृत्तीचा आकडा वाचा. ३.१२.३ वरून ३.१२.४ वर जाणं वेगळं आणि ३.११ वरून ३.१२ वर जाणं वेगळं. पहिल्यात दुरुस्त्याच असतात. दुसऱ्यात गोष्टी काढूनही टाकतात. ३.१२ मध्ये पॅकेजेस बसवायला लागणारं ‘डिस्टयूटिल्स’ गेलं तेव्हा जुनी पॅकेजेस बसेनाशी झाली, माझीही एक रात्र त्यात गेली. तिसऱ्या आकड्यानेही क्वचित दगा दिलाय. सप्टेंबर २०२२ मध्ये ३.१०.७ आलं आणि ४,३०० पेक्षा जास्त अंकांचा मजकूर पूर्णांकात बदलायला भाषेने नकार द्यायला सुरुवात केली. कारण असं की अंक दुप्पट केले की वेळ चौपट लागायचा, आणि भलामोठा आकडा पाठवून कुणालाही सर्व्हर अडकवून ठेवता आला असता. मोठ्या संख्यांवर काम करणारे काहीजण वैतागले, आणि त्यांचं वैतागणं रास्त होतं. यार्डातल्या पट्टीत ४,३०० अंकी रक्कम अजून आलेली नाही. आली तर मी दुकान सोडून कमिशनवर बसेन.

उलट बाजूही सांगतो. अपडेट नको म्हणत एक दुकान जुन्या पायथन २.७ वर राहिलं होतं. त्या आवृत्तीचा सांभाळ १ जानेवारी २०२० ला थांबला. शेवटी सगळं एकदम बदलावं लागलं, तेही ऐन सौद्यांच्या हंगामात. आता मी साधं करतो: दुसऱ्या मशीनवर नवी आवृत्ती, तिच्यावर कालचे सगळे सौदे पुन्हा चालवायचे, पट्टीला पट्टी जुळली की मग दुकानात.

खरं तर माझी तक्रार मेसेजच्या बरोबर उलटी आहे. आपल्याला लागणाऱ्या दुरुस्त्या यादीत कमी येतात. पायथनच्या मजकुरात शोध घेणाऱ्या ‘री’ मॉड्यूलमध्ये शब्दातलं अक्षर ओळखायची एक खूण आहे, बॅकस्लॅश डब्ल्यू. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, काना, वेलांटी, अनुस्वार यांचा वर्ग अक्षरांहून वेगळा, त्यामुळे ही खूण त्यांना अक्षर मानत नाही. ‘सांगली’तले शब्द शोधायला सांगितले की हातात ‘स’ आणि ‘गल’ असे दोन तुकडे येतात. मिरजेचं ‘म’ आणि ‘रज’ होतं. ही अडचण पायथनच्या बग-नोंदींत २००७ पासून आहे. गंमत म्हणजे आकड्यांना ही अडचण नाही, ‘८००’ देवनागरीत दिलं तरी मजकुराचा पूर्णांक करणारा पायथनचा ‘इंट’ ते बिनतक्रार वाचतो.

शेतकऱ्यांच्या नावांचा शोध लिहिला तेव्हा मी यात अडकलो. चाचणी घेतली होती, पण ‘हळद’ आणि ‘जत’ या शब्दांवर. दोन्हींत काना-मात्रा नाही, दोन्ही सुखरूप आले. दुकानात मात्र पाटलांचे तुकडे पडले. शेवटी ‘रेगेक्स’ नावाचं वेगळं मॉड्यूल बसवून भागवलं.

मेसेज पाठवणाऱ्या वर्गमित्राला मी फुटलेल्या सांगलीचा स्क्रीनशॉट पाठवला. तो म्हणाला, ‘बघ, बग आहे की नाही?’ म्हटलं, आहे ना. तुझ्या त्या लांबलचक यादीत शोध, सापडतोय का.