‘पेक्षा’ला ‘दॅन’ लावा, निकाल लावा

एसएससी म्हणजे कर्मचारी निवड आयोग. केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठीच्या त्याच्या सीजीएल परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे 25 प्रश्न. बरोबर उत्तराला 2 गुण, चुकलं की अर्धा गुण कापला. एवढ्यासाठी भरउन्हात सीताबर्डीला जाऊन व्याकरणाचं पुस्तक कोण आणतं बाप्पा! मराठीत ‘पेक्षा’ दिसला की इंग्रजीत ‘दॅन’ ठोका आणि मोकळे व्हा.

‘नागपूरचा उन्हाळा पुण्यापेक्षा कडक’ हे मराठीत सगळ्यांना कळतं. मग बिनधास्त लिहा, ‘द समर ऑफ नागपूर इज हॉटर दॅन पुणे’. उन्हाळ्याची तुलना शनिवारवाड्यासकट अख्ख्या पुण्याशी झाली, तर हरकत पुणेकर घेतील. पुण्याआधी ‘दॅट ऑफ’ हवं, असं कोणी म्हणालं तर त्याला नवतपाच्या नऊ कडक दिवसांत डांबरी रस्त्यावर उभं करा. ‘नागपूरची संत्री पुण्यापेक्षा गोड’ या वाक्यात तर ‘दॅट’ही चालत नाही. संत्री अनेक, म्हणून ‘दोज ऑफ’. दोन पर्यायांत कधी कधी एवढाच फरक असतो. तो शोधत बसू नका, डोळ्यांना त्रास होतो.

आता अभिमानाचा मुद्दा. ‘नागपूर इज लार्जर दॅन एनी सिटी इन विदर्भ’. नागपूर विदर्भातच आहे, म्हणजे ते स्वतःहूनही मोठं ठरलं. असा मान ‘एनी अदर’ लिहून का घालवायचा? ‘अदर’ची हौसच असेल तर ती मराठवाड्याच्या वाक्यात भागवा. ‘लार्जर दॅन एनी अदर सिटी इन मराठवाडा’ लिहिलंत की नागपूर मराठवाड्यात गेलं. जिल्हे हलवायला शासनाला अधिसूचना लागते, तुम्हाला एक शब्द पुरतो.

सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर ही लॅटिन घराण्यातली मंडळी ‘टू’च मागतात. नखरे आहेत, ‘दॅन’च द्या. ‘प्रिफर’चीही तीच गत. ‘आय प्रिफर तर्री-पोहा दॅन उपमा’ म्हटल्यावर पोहेवाला प्लेट नाकारतो का?

राहिलं ‘मोअर बेटर’. ‘बेटर’मध्ये ‘अधिक’ आधीच मुरलेलं आहे, हे खरं. पण तर्रीवर तर्री घेणाऱ्या गावात हे कोणाला सांगता? बेटरचं वजन ‘मच’ने वाढतं, ‘मोअर’ने नाही, ही माहिती शेजारच्या उमेदवाराला देऊन टाका.

एवढं करूनही अडलात तर ‘नो एरर’ निवडा. वाक्य आपण रोज बोलतो तसंच दिसतंय ना, मग चूक कुठून असणार?