काहून वं, अजून काही नाही का?

मे महिना, बाहेर 45 डिग्रीचा फुफाटा. सीताबर्डीला मेट्रोत चढले, म्हटलं गारव्यात दोन मिनिटं डोळे मिटावे. तर शेजारी जुन्या गल्लीतल्या काकू.

"काय बाप्पा, किती सुकून गेली! काहून वं, अजून काही नाही का?"

हे "काही" म्हणजे काय, ते अख्ख्या डब्याला कळलं. समोरच्या पोरानं तर कानातला इअरफोन काढला. मी म्हटलं, "काकू, यंदा ऊन भल्लं तापून राहिलं ना!" पण छे. "दवाखान्यात दाखवलं का? नवऱ्याचंही तपासून घे." झाशी राणी चौक गेला, काकूंचं सुरूच!

चार वर्षं झाली आम्हा दोघांना दवाखान्याच्या पायऱ्या झिजवताना. हे काय आता मेट्रोत ओरडून सांगू?

बरं, मागे ह्याच काकूंना सहज विचारलं होतं, मुलानं नोकरी काहून सोडली. केवढ्या फणकारल्या! "आमच्या घरचं आम्ही पाहू." म्हणजे तुमचं ते घर, अन् माझी काय धर्मशाळा?

वरून, "वाईट नको वाटून घेऊ हं, आपुलकीनं विचारलं."

शंकर नगरलाच उतरले. जायचं होतं सुभाष नगरला.