म्हणे ‘दुसऱ्याचा डेटा मागू नका’!

काल रात्री साडेअकराला भाचीचा मेसेज आला, ‘मामा हे खरंय का?’ आणि खाली तो फॉरवर्ड. ‘रिसर्च करणाऱ्यांसाठी पाच सोनेरी नियम.’ याआधी दोनदा आला होता, दोन्ही वेळा डिलीट केला. पण ही पोरगी पीएचडीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि वर लिहिते की ‘लॅबमधले सीनियरपण हेच सांगतात’, मग झोप कुठली लागायला.

ज्यांना आला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक, सिमिलॅरिटी (म्हणजे आधी छापलेल्या लिखाणाशी जुळणारा मजकूर) १० टक्क्यांच्या खाली आली की चोरी नाही. दोन, आपलंच जुनं लिखाण कितीही वेळा वापरा. तीन, एकमेकांची नावं पेपरवर टाका, दोघांचे पेपर वाढतात. चार, ग्रुपमध्ये आपण आपल्या भागापुरतं बघावं, दुसऱ्याचा डेटा मागू नये, मागणं म्हणजे अविश्वास. पाच, काही खटकलं तर डिग्री हातात येईपर्यंत गप्प बसा.

टक्केवारीचं आधी उरकतो. सॉफ्टवेअर फक्त जुळणारा मजकूर दाखवतं, चोरी झाली की नाही ते ठरवत नाही, हे असं सॉफ्टवेअर बनवणारे टर्निटिनवाले स्वतःच सांगतात. दुसऱ्याची अख्खी कल्पना उचलून शब्द बदलले तर आकडा २ टक्के येईल आणि ती चोरीच असेल. उलट पद्धतीची ठरलेली वाक्यं, संदर्भ, अवतरणं यांनी आकडा २५ वर गेला तरी काम स्वच्छ असू शकतं. आणि आकडा खाली आणायला लोक ती शब्द बदलून देणारी टूल्स वापरतात ना, त्याची गंमत गियोम काबानाक हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये बाहेर काढली. छापून आलेल्या पेपरांमध्ये ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बूझम पेरिल’ झालेलं, ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’! छातीवरचं संकट आणि खोटी जाणीव. सह-लेखकांपैकी एकानंही वाचलं नसणार, नाहीतर हसून मेले असते.

दुसऱ्या नियमात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. तेच उपकरण तशाच पद्धतीनं वापरलं तर दर वेळी नवी वाक्यं कुठून आणायची? पद्धतीचा भाग थोडाफार सारखा आला तर बरेच संपादक समजून घेतात, पण आधीच्या पेपरचा संदर्भ द्यायचा. जुनेच निकाल नवे म्हणून परत छापले तर ते चालत नाही, विषय संपला.

आता नावांचं. वैद्यकीय जर्नल्सच्या संपादकांची आयसीएमजेई नावाची समिती आहे, तिच्या लेखकत्वाच्या चार अटी वैद्यकाबाहेरही आधाराला घेतल्या जातात. कामात भरीव वाटा हवा, लिहिण्यात किंवा नीट तपासून सुधारण्यात हात हवा, शेवटच्या मसुद्याला संमती हवी, आणि सगळ्या कामाबद्दल जबाब द्यायची तयारी हवी. चारही हव्यात, त्यातल्या दोन निवडायच्या नाहीत. नुसता निधी आणला किंवा वरवर देखरेख केली एवढ्यावर गाइडचंही नाव बसत नाही. मग ‘तू माझं टाक, मी तुझं टाकतो’ला जागाच कुठे आहे? आभारात लिहा की, आभार फुकट असतात.

ती चौथी अट परत वाचा, कारण खरा संताप मला चौथ्या नियमाचा आहे. पेपरचा कुठलाही भाग बरोबर आहे का असा प्रश्न आला तर त्याची तड लावायची जबाबदारी सगळ्यांची, आणि हे महाशय सांगतात डेटा मागू नका! नेदरलँड्समधला डीडरिक स्टापेल, सामाजिक मानसशास्त्रातलं मोठं नाव. हा माणूस विद्यार्थ्यांना म्हणायचा की प्रयोग मी करून आणतो, आणि मग तयार, उत्तरांचे आकडे भरलेली फाइल हातात द्यायचा. प्रयोग झालेलेच नसायचे. कुणी मूळ प्रश्नावल्या मागितल्या तर ‘विश्वास नाही का माझ्यावर’. ओळखीचं वाटतंय ना वाक्य? फॉरवर्डमध्ये तेच आहे. चौकशी समितीचा अंतिम अहवाल २०१२ मध्ये आला, ५५ पेपरांत आणि विद्यार्थ्यांच्या १० प्रबंधांत बनावट डेटा निघाला. विद्यार्थ्यांना काही माहीत नव्हतं, डिग्री राहिली त्यांची, पण विचार करा, कित्येक वर्षं रात्री जागून ज्या आकड्यांचं विश्लेषण केलं ते एका माणसानं घरी बसून टाइप केलेले.

आणि दर वेळी लबाडीच असते असंही नाही. माझ्या स्वतःच्या एका जॉइंट पेपरच्या वेळी मी सहकाऱ्याकडे मूळ फाइल मागितली, तो जरा फुगला, पण दिली. उघडून बघतो तर ४१ ते ४६ या ओळी खाली जशाच्या तशा पुन्हा आलेल्या, दशांश चिन्हापुढच्या तीन आकड्यांसकट. कॉपी-पेस्ट करताना बोट घसरलेलं, बाकी काही नाही. ग्राफ परत काढला तर आमचा झकास निष्कर्ष निम्मा झाला. त्यानंतर तो माझ्या फाइली माझ्यापेक्षा बारकाईनं बघायला लागला, आणि त्याला माझ्या दोन चुका सापडल्या (त्या इथे सांगत नाही).

पाचव्याबद्दल एवढंच की स्टापेलचं बिंग २०११ मध्ये फोडलं ते तीन तरुण संशोधकांनी. एकट्यानं जाऊन आरडाओरडा केला नाही, आधी काही महिने गुपचूप पुरावे जमवले आणि मग विभागप्रमुखांकडे गेले. घाबरले असणारच, पण डिग्री, नोकरी, बढती होईपर्यंत थांबले असते तर आणखी दहा जणांचे प्रबंध त्याच खड्ड्यात गेले असते.

भाचीला रात्रीच लिहिलं की सीनियरला ‘चेक करायचंय’ म्हणू नकोस, उगाच भांडण होईल. ‘ग्राफ मी एकदा स्वतः काढून बघते, रॉ फाइल पाठव ना’ एवढंच म्हण, आणि आपली फाइल आधी पाठव. सकाळी तिनं तसं केलं. सीनियरचं उत्तर आलं, ‘कुठली हवीये, तीन आहेत.’