फी गोठवली म्हणजे अनुदानकपातीची झळ लागत नाही, हे खरे नाही

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने गेल्या आठवड्यात मला एक फिरता संदेश पाठवला आणि खाली "हे खरं आहे का रे?" एवढेच विचारले. तिचा मुलगा यंदा तिथल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षे शिकून पुढे विद्यापीठात जाता येते अशा स्वस्त सरकारी कॉलेजात, प्रवेश घेणार आहे. संदेशात म्हटले होते की, अमेरिकेतील राज्यांनी सरकारी कॉलेजांचे अनुदान कापले तरी विद्यार्थ्यांचे काही बिघडत नाही. फी वाढू दिली नाही की त्यांना झळ पोहोचत नाही, गरिबांना केंद्र सरकारची पेल ग्रँट ही शिक्षणासाठीची मदत मिळतेच, आणि कॉलेजांकडे उधळायला पैसा आहेच. यातला फीचा मुद्दा ऐकायला सर्वांत समंजस वाटतो आणि म्हणूनच तो सर्वांत घातक आहे.

विद्यार्थ्याचे नुकसान मोजायला फी हे एकच माप आहे, असे हा मुद्दा धरून चालतो. तसे असेल, तर २००८ च्या मंदीनंतर खुद्द कॅलिफोर्नियात जे घडले त्याचा उलगडा होत नाही. पब्लिक पॉलिसी इन्स्टिट्यूट ऑफ कॅलिफोर्निया या संस्थेच्या मार्च २०१३ च्या अहवालानुसार, २००७-०८ ते २०११-१२ या काळात राज्याने कम्युनिटी कॉलेजांचे सुमारे दीड अब्ज डॉलर कापले. फी वाढली हे खरे; एका युनिटला (अभ्यासक्रमाचा भार मोजण्याचे एकक) २० डॉलर पडत होते, ते २०१२ पर्यंत ४६ झाले. पण तेव्हाही ती देशातील सर्वांत कमी फी होती आणि गरजू विद्यार्थ्यांना ती माफ होत असे. तरीही २००८-०९ मधील सुमारे २९ लाख विद्यार्थ्यांची संख्या २०१२ पर्यंत सुमारे २४ लाखांवर आली. मंदीत नोकऱ्या जातात तेव्हा शिकायला येणारे वाढतात, घटत नाहीत. इथे मागणी होती, पण वर्गात जागा नव्हती, कारण कॉलेजांनी सुमारे एकपंचमांश तुकड्या बंद केल्या होत्या.

तुकडी बंद होते तेव्हा नेमके काय होते, हे संदेश लिहिणाऱ्याने एकदा समजून घ्यावे. जुन्या विद्यार्थ्यांची नोंदणी आधी होत असल्याने उरलेल्या जागांसाठी नवी मुले प्रतीक्षा यादीत राहतात. गणिताचा पहिला अभ्यासक्रम या सत्रात मिळाला नाही तर त्यावर अवलंबून असलेला दुसरा पुढच्या सत्रात घेता येत नाही, तिसरा त्याहून पुढे जातो, आणि दोन वर्षांत चार वर्षांच्या विद्यापीठात जायचे ठरवलेला मुलगा तिसऱ्या वर्षीही तिथेच अडकतो. त्या जादा वर्षाचे घरभाडे आणि बुडालेला पगार फीच्या पावतीवर दिसत नाही. डेव्हिड डेमिंग आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स या अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ च्या अभ्यासात हे देशभरच्या सरकारी कॉलेजांबाबत तपासले. कॉलेजांचा खर्च वाढला की प्रवेश आणि पदव्या दोन्ही वाढतात, नुसत्या फीतील बदलाचा तसा परिणाम मात्र आढळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे अनुदान कापून फी गोठवण्याला जो दिलासा म्हटले जाते, त्यात विद्यार्थ्याला खरोखर उपयोगी पडणारी गोष्टच काढून घेतलेली असते.

पेल ग्रँटचे उत्तर याच तुकड्यांपाशी येऊन थांबते. ही मदत जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर आहे (२०२४-२५), पण ती पूर्ण मिळण्यासाठी पूर्णवेळ अभ्यासक्रम घ्यावा लागतो. दोनच विषयांना जागा मिळाली तर रक्कमही त्याच प्रमाणात कमी होते. शिवाय तिला आयुष्यभरात साधारण बारा पूर्णवेळ सत्रांची मर्यादा आहे. हवा तो अभ्यासक्रम मिळेपर्यंत दुसरेच विषय घेत राहिलेल्या विद्यार्थ्याची ती मर्यादा हकनाक खर्ची पडते. गरिबांना कपातीपासून वाचवणारी म्हणून जी मदत दाखवली जाते, तिलाच कपात कुरतडते.

उधळपट्टीचा पुरावा म्हणून संदेशात लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीतील पोहण्याच्या कृत्रिम नदीचे छायाचित्र आहे. ती नदी ज्या सुमारे साडेआठ कोटी डॉलरच्या क्रीडासंकुलात आहे, ते विद्यार्थ्यांकडून त्याच कामासाठी घेतलेल्या शुल्कातून उभे राहिले. तो पैसा प्राध्यापकांच्या पगाराला वापरता आला नसता, आणि राज्यातील बहुतेक लहान कॉलेजांत अशी नदी नाही. कपात मात्र त्यांच्याही वाट्याला आली.

एक गोष्ट मला मान्य करावी लागते. सगळ्या फीवाढीचे खापर अनुदानकपातीवर फोडता येत नाही. अर्थशास्त्रज्ञ डग्लस वेबर यांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार, विद्यार्थ्यामागे हजार डॉलर अनुदान घटले की सरासरी २५७ डॉलरच फीतून वसूल होतात. संदेशाच्या बाजूचे लोक हा आकडा आनंदाने पुढे करतील, पण उरलेल्या सुमारे साडेसातशे डॉलरचे काय होते, हे त्यांनी सांगावे. काही जास्त फी भरणाऱ्या, बाहेरच्या राज्यांतील आणि परदेशांतील विद्यार्थ्यांकडून येतात, ज्यांच्यात आपली मुलेही आहेत. पण कम्युनिटी कॉलेजांना तोही मार्ग फारसा नाही, तिथे खर्चच कापला जातो. खर्च कापणे म्हणजे समुपदेशक कमी, पूर्णवेळ शिक्षकांऐवजी तासांवर नेमलेले शिक्षक, आणि पुन्हा त्याच बंद तुकड्या.

मावसबहिणीला मी कळवले आहे की, फी किती हे विचारून झाले असेल तर आता कॉलेजला फोन करून मुलाच्या नोंदणीची तारीख कोणती आणि गणिताच्या पहिल्या अभ्यासक्रमाच्या किती तुकड्या या सत्रात चालणार आहेत, ते विचार.