वासम डीबग होत नाही? मग ब्रेकपॉइंट लागतो कुठे?

सी++ आणि रस्टवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज दर काही महिन्यांनी फिरत येतो. विषय वेबअसेंब्ली, म्हणजेच वासम: सी++ किंवा रस्टचा कोड ब्राउझरमध्ये चालावा म्हणून ज्या बाइनरी रूपात कंपाइल करतात ते. सार असं: 'वेबअसेंब्ली म्हणजे बंद डबा. ब्राउझरमध्ये नुसते आकडे दिसतात, व्हेरिएबल दिसत नाहीत, डीबग माहिती घातली तर फाइल फुगते, ब्रेकपॉइंट (कोड ठरलेल्या ओळीवर थांबवणारी खूण) लावला की सगळं रखडतं, आणि नेटिव्हवर, म्हणजे थेट मशीनवर, क्रॅश होणारा कोड इथे गप्प बसतो. प्रिंटएफ टाकून आकडे छापून बघा आणि देवाचं नाव घ्या.' गप्प बसण्याचा मुद्दा खरा आहे, त्याकडे शेवटीच येतो.

'नुसते आकडे दिसतात.' दिसतात, कारण नावं आपणच पुसलेली असतात. स्टॅक ट्रेसमध्ये (चूक झाली तेव्हा कोणतं फंक्शन कोणी बोलावलं त्याच्या यादीत) 'वासम-फंक्शन[४१२]' आलं की लोक ब्राउझरला शिव्या घालतात, बिल्ड स्क्रिप्ट कोणी उघडत नाही. एमस्क्रिप्टेनमध्ये, म्हणजे सी++चं वासम करणाऱ्या कंपाइलरमध्ये, डीबग माहिती ठेवणारा '-जी' हा फ्लॅग कंपाइल करताना द्यावा लागतो आणि लिंक करतानाही. बऱ्याच मेकफाइलींमध्ये तो कंपाइलच्या ओळीत असतो, लिंकच्या ओळीत नसतो. मग लिंक होताना सगळी ड्वार्फ माहिती (नावं, टाइप, ओळी नोंदवणारा डीबग माहितीचा प्रमाणित साचा) गळून जाते. ही चूक मी दोनदा केली आहे, दुसऱ्यांदा तर पहिली लख्ख आठवत असताना. रस्टमध्येही तीच गत: रस्टचं वासम बांधणाऱ्या वासम-पॅकच्या डेव्ह बिल्डलासुद्धा ड्वार्फ राखून ठेव असं कॉन्फिगमध्ये वेगळं सांगावं लागतं.

'व्हेरिएबल दिसत नाहीत.' २०१७ साली वासम ब्राउझरांत आलं तेव्हा हे खरं होतं. तेव्हा आधार होता तो सोर्स मॅपचा, आणि तो फक्त एवढंच सांगतो की ही बाइट सोर्सच्या अमुक ओळीतून आली. टाइप काय, व्हेरिएबल कुठे ठेवलंय, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. डिसेंबर २०१९मध्ये क्रोमने ड्वार्फ वाचून मूळ कोडच्या ओळी दाखवायला सुरुवात केली आणि डिसेंबर २०२०मध्ये सी++साठीचं एक्स्टेंशन जाहीर झालं. ते टाकलं की स्ट्रक्ट (एकत्र बांधलेली फील्ड्स) उलगडून बघता येतं, एकेक ओळ पुढे सरकत स्टेप करता येतं. गंमत म्हणजे त्या एक्स्टेंशनच्या पोटात एलएलडीबी हा नेटिव्ह कोडचा डीबगर आहे, आणि तोही वासममध्येच कंपाइल केलेला. हां, ही सोय क्रोमच्या घराण्यातली. फायरफॉक्समध्ये सोर्स मॅपवर ओळी मिळतात, तेवढंच. आणि कोड वेगवान करायला '-ओ३' लावून व्हेरिएबल गायब झालं असेल तर तक्रार ऑप्टिमायझरकडे करा. जीडीबी या नेटिव्ह डीबगरखालीही तो हेच करतो. डीबग बिल्ड '-ओ०'ने, म्हणजे ऑप्टिमायझर बंद ठेवून, करा.

'फाइल फुगते.' फुगते. मग वेगळी ठेवा. '-जीसेपरेट-ड्वार्फ' दिलं की डीबग माहिती दुसऱ्या फाइलीत जाते, मूळ मोड्यूलमध्ये तिचा पत्ता तेवढा राहतो. ग्राहकाच्या मशीनवरून आलेल्या ट्रेसमधला बाइट ऑफसेट त्या फाइलीवर एमस्क्रिप्टेनच्याच एमसिम्बोलायझर या टूलने चालवला की फाइलचं नाव आणि ओळ मिळते. मात्र ती फाइल त्याच बिल्डची हवी, कालची चालत नाही.

'सगळं रखडतं.' डेव्हटूल्स उघडले की क्रोमचं इंजिन व्ही-८ त्याच्या टर्बोफॅन कंपाइलरचा वेगवान कोड बाजूला ठेवून लिफ्टऑफ या दुसऱ्या कंपाइलरचा साधा कोड चालवतं, म्हणून. डीबगर उघडा ठेवून वेग मोजू नका, इतकंच.

आता गप्प बसण्याचा मुद्दा. वासमच्या मेमरीत शून्य हा पत्ता इतर कुठल्याही पत्त्यासारखाच वैध आहे, त्यामुळे नल पॉइंटरवरून, म्हणजे कशाकडेच न दाखवणाऱ्या शून्य पत्त्यावरून, वाचलं तर ट्रॅप होत नाही, प्रोग्राम थांबत नाही. माझ्याकडे फोटोवर फिल्टर लावणारा एक सी++ कोड होता. कॅशमध्ये चित्र सापडलं नाही की नल परत यायचा आणि पुढचा कोड बिनधास्त त्याची रुंदी वाचायचा. रुंदी हे स्ट्रक्टमधलं पहिलंच फील्ड, म्हणजे थेट पत्ता शून्य. रिलीज बिल्डमध्ये तिथे ० होता, लूप एकदाही फिरला नाही, पडदा कोरा, कन्सोल स्वच्छ. प्रिंटएफ टाकून 'रुंदी ०' छापून आलं आणि मी अर्धा दिवस चित्र लोड करणारा कोड उसवत बसलो.

मग डीबग बिल्ड केला, लूपच्या आधी ब्रेकपॉइंट लावला. रुंदी: १६६८५०९०२९. हा आकडा कचरा वाटला, पण मेमरी इन्स्पेक्टरमध्ये पत्ता शून्य उघडला तर पहिल्या चार बाइट्समध्ये अक्षरं होती: ई, एम, एस, सी. एमस्क्रिप्टेन डीबग बिल्डमध्ये शून्यावर स्वतःची ही खूण ठेवतं, कोणी तिथे लिहिलं तर पकडता यावं म्हणून. मी लिहीत नव्हतो, वाचत होतो, म्हणून त्याने हाक मारली नव्हती. पण खूण ओळखल्यावर नल कुठून आला ते कॉल स्टॅकमध्ये दोन पायऱ्या वर दिसलं. आता तो प्रोजेक्ट टेस्टमध्ये सेफ हीप, म्हणजे एमस्क्रिप्टेनची मेमरीतलं प्रत्येक वाचन-लेखन तपासणारी सोय, लावून चालतो. शून्यावरून नुसतं वाचलं तरी 'सेगमेंटेशन फॉल्ट' म्हणून थांबतो.